लुटेफिस्कच्या पंगतीला: मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन

बुधवार, मिनिआपोलिस

माझ्या भाचीच्या फ्रीझरमध्ये सुकट तीन पिशव्यांत असतं. आतली पिशवी गाठ मारलेली, मधली झिपवाली आणि सगळ्यांत बाहेरची काळी, म्हणजे आत काय आहे ते पाहुण्यांना दिसू नये. सुके बोंबीलही तिथेच, तसेच गुंडाळलेले. मागच्या हिवाळ्यात तिने एकदा चार बोंबील तव्यावर भाजले, तर दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून इमारतीच्या ऑफिसची चिठ्ठी आत आली. मजल्यावर वास येतोय, कृपया काळजी घ्यावी. तेव्हापासून घरात बोंबील भाजणं बंद. मी अलिबागची. बोंबलाच्या वासाबद्दल कुणी चिठ्ठी लिहील, हे ऐकूनच मला हसू आलं. तिला आलं नाही.

म्हणूनच बहुतेक, मी आल्यावर तिने हा पाच दिवसांचा बेत आखला. "मावशी, तुला इथल्या लोकांची सुकी मासळी दाखवते. बघ तरी, हे काय करतात ते." जावई पुण्याचे, शुद्ध शाकाहारी. त्यांनी गाडी चालवायचं कबूल केलं, एवढंच.

सुरुवात लेक स्ट्रीटवरच्या इंगेब्रेटसनच्या दुकानापासून केली. १९२१ पासूनचं हे दुकान. एके काळी हा सगळा रस्ता नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांचा होता. आता आजूबाजूला मेक्सिकन आणि सोमाली दुकानं आहेत, आणि मधोमध हे एक जुनं मूळ धरून उभं आहे. नाताळ जवळ आला की मटणाच्या काउंटरपुढे रांगा लागतात म्हणे. आम्ही नोव्हेंबरात गेलो, तरी गर्दी होतीच. काचेपलीकडे लुटेफिस्क होता. पांढरट, अर्धवट आरपार दिसणारे जाड तुकडे. मला पहिल्यांदा शहाळ्यातली मलई आठवली. मासा आठवलाच नाही.

लुट म्हणजे क्षार, फिस्क म्हणजे मासा. इथले लोक बोलताना 'लूडफिस्क' म्हणतात. मूळ मासा कॉड. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांपाशी तो हिवाळ्यात अंडी घालायला येतो. त्याला साफ करून, जोडीजोडीने शेपट्या बांधून, फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत लाकडी मांडवांवर टांगून ठेवतात. मीठ अजिबात नाही, नुसता थंड वारा. आपल्याकडे वलांडीवर बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून सुकवतात, त्यालाही मीठ लागत नाही. फरक इतकाच की आपलं काम ऊन करतं आणि त्यांचं वारा. सुकलेला कॉड मात्र बोंबलासारखा तव्यावर कुरकुरीत होत नाही. तो लाकूड होतो. शब्दशः लाकूड. खायचा कसा, हा प्रश्न पडतो, आणि तिथून लुटेफिस्क सुरू होतो.

पाच-सहा दिवस साध्या पाण्यात, पाणी रोज बदलून. मग दोनेक दिवस क्षाराच्या पाण्यात. पूर्वी बर्च झाडाची राख वापरत, आता कॉस्टिक सोडा. त्यात तो फुगतो, जेलीसारखा थरथरायला लागतो. या टप्प्यावर त्याचा पीएच अकरा-बाराच्या घरात असतो, म्हणजे तोंडात घातला तर तोंड भाजेल. मग पुन्हा चार-सहा दिवस साध्या पाण्यात, क्षार निघून जाईपर्यंत. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेतल्या कॉस्टिक सोड्याच्या बाटलीवर मी स्वतः लाल अक्षरांत 'हात लावू नये' लिहून ठेवायचे. आणि इथे नाताळच्या जेवणाची तयारी त्यातच.

फार नावं ठेवण्यात अर्थ नाही म्हणा. उडदाच्या पापडात आपण पापडखार घालतोच, पेठ्यासाठी कोहळा चुन्याच्या निवळीत बुडवतोच. पण मासा त्यात घालावा हे पहिल्यांदा सुचलं कुणाला? याच्या गोष्टी भरपूर आहेत. मासळीचे मांडव जळाले, वर पाऊस पडला, राखेच्या पाण्यात मासा भिजला आणि भुकेल्या माणसांनी तोच खाल्ला, ही त्यातली एक. कुणी ती खरी म्हणून सांगत नाही, पण सांगतात सगळे. लेखी पुरावा पाहायचा तर ओलाउस माग्नुस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ साली छापलेल्या ग्रंथात ही कृती आहे. म्हणजे गोव्यात पोर्तुगीज येऊन जेमतेम पंचेचाळीस वर्षं झाली होती तेव्हा.

एक छोटं पाकीट विकत घेतलं. काउंटरवरच्या माणसाने भाचीला विचारलं, "लोणी घालून की पांढऱ्या सॉसमध्ये?" तिला कळेना. हा प्रश्न म्हणजे आडनाव विचारण्याचा प्रकार आहे, हे मला नंतर समजलं. वितळलेलं लोणी ओतलं की नॉर्वेजियन, ऑलस्पाइस भुरभुरलेलं पांढरं सॉस ओतलं की स्वीडिश. आमटीत गूळ घालता का, यावरून आपण माणूस कुठला ते ओळखतो, तसंच.

दुपारी पार्क अव्हेन्यूवरची स्वीडिश संस्था पाहिली. एका वृत्तपत्राच्या मालकाने १९०८ साली पुरा केलेला तेहतीस खोल्यांचा वाडा. सुंदर आहे, पण जेवणाशी संबंध नाही म्हणून पुढे जाते.

गुरुवार, मॅडिसन

पहाटे निघालो. दोनशे बारा नंबरचा रस्ता मिनेसोटाच्या पश्चिमेकडे सरळ जातो, इतका सरळ की जावयांना झोप यायला लागली. मका कापून झालेला, शेतं काळी, मध्ये मध्ये धान्याच्या उंच कोठ्या. पेट्रोल पंपावर सगळे पुरुष भडक नारिंगी जाकिटांत. हरणांच्या शिकारीचा मोसम चालू होता.

माँटेव्हिडिओजवळ ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ लागतो, कॅम्प रिलीज नावाचा. थांबायचं आमच्या यादीत नव्हतं. थांबलो ते पाय मोकळे करायला. १८६२ साली इथले मूळ रहिवासी डकोटा लोक आणि अमेरिकी सैन्य यांच्यात इथल्या नदीकाठी सहा आठवडे लढाई झाली. करारात जमीन लिहून घेतली होती, बदल्यात ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर दिलं नव्हतं, लोक उपाशी होते. लढाई संपल्यावर डकोटांनी धरलेले कैदी या जागी सोडले. त्या डिसेंबरच्या २६ तारखेला मॅनकॅटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांना राज्याबाहेर हाकललं. त्याच १८६२ च्या मे महिन्यात होमस्टेडचा कायदा झाला होता. पाच वर्षं राहा, कसा, आणि एकशेसाठ एकर तुमची. नॉर्वेतल्या डोंगरउतारावरच्या तुकड्यावर भागत नाही म्हणून बोटीत बसलेल्या धाकट्या मुलांना ही जमीन मिळाली. मिळाली म्हणजे कुणाची मिळाली, ते या स्तंभापाशी उभं राहिल्यावर विचारावंच लागतं. नंतर दिवसभर, ते मजेशीर गाव पाहतानाही, हे डोक्यातून गेलं नाही.

माँटेव्हिडिओच्या चौकात उरुग्वेचा राष्ट्रपुरुष आर्टिगास पुतळा होऊन उभा आहे. उरुग्वेतल्या थोरल्या माँटेव्हिडिओने या धाकट्या नावबंधूला १९४९ साली तो भेट दिला. नोव्हेंबरच्या वाऱ्यात बिचाऱ्याला काय वाटत असेल. पुढे डॉसन. तिथल्या बागेत दाढीवाल्या बुटक्यांच्या मूर्ती आहेत. जावयांनी प्रत्येकीचा फोटो काढला.

आणि मग मॅडिसन. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन वेगळी, हे त्याच नावाचं मिनेसोटातलं छोटं गाव. स्वतःला 'अमेरिकेची लुटेफिस्क राजधानी' म्हणवतं. रस्त्याकडेच्या बागेत फायबरग्लासचा पंचवीस फुटी कॉड आहे. त्याचं नाव लू टी. फिस्क. मोठ्याने म्हणून बघा, विनोद कळेल.

मी त्या माशाच्या तोंडाखाली उभी राहिले. वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळ्यात जवळचा समुद्र दीडेक हजार किलोमीटरवर, आणि तिथेही हा मासा मिळत नाही. तरी गावाने वर्गणी-बिर्गणी काढून एवढा मोठा मासा उभारला, तोही कोणता, तर ज्याच्या वासावरून अख्खी अमेरिका यांची टिंगल करते तो. इथे दर नोव्हेंबरात नोर्सफेस्ट भरतो, त्यात लुटेफिस्क खाण्याची स्पर्धा असते. आम्ही पोचलो तोवर तो होऊन गेला होता. कॅफेतल्या बाईंना मी विचारलं, खाणारे किती खातात? त्या म्हणाल्या, "खाणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त त्रास होतो."

आपल्या पदार्थाची चेष्टा दुसऱ्याने करायच्या आत आपणच करून टाकायची, ही युक्ती मला तिथे पहिल्यांदा दिसली आणि पुढे तीन दिवस दिसत राहिली. टी-शर्टावर विनोद, कॉफीच्या मगावर विनोद. ज्याची एवढी चेष्टा मालकच करतो, त्याच्याबद्दल चिठ्ठी कोण लिहिणार? भाची गाडीत बसताना म्हणाली, "मावशी, आपण पण अलिबागला पंचवीस फुटी बोंबील उभा करायला हवा." मी म्हटलं, आधी तुझ्या फ्रीझरमधली काळी पिशवी काढ.

शुक्रवार, डेकोरा

पुन्हा लांबचा पल्ला, या वेळी दक्षिणेला. रॉचेस्टरनंतर सपाटी संपते आणि चुनखडीचे कडे, दऱ्या, वळणं सुरू होतात. आयोवात शिरल्यावर थोड्याच वेळात डेकोरा. गावाचं नाव हो-चंक जमातीच्या एका नेत्याचं, आणि गावातली आडनावं नॉर्वेतली.

इथलं वेस्टरहेम संग्रहालय मला फार आवडलं. नावाचा अर्थ 'पश्चिमेकडचं घर'. नॉर्वेत राहिलेले लोक बोटीने गेलेल्यांच्या मुलखाला असं म्हणायचे. १८७७ साली इथल्या ल्यूथर कॉलेजात याची सुरुवात झाली, म्हणजे स्थलांतर जोरात चालू असतानाच यांनी जुन्या वस्तू जपायला घेतल्या होत्या. रंगीत फुलं काढलेल्या लाकडी पेट्या ओळीने मांडल्या आहेत. झाकणावर मालकाचं नाव, साल आणि कधी नुसतं 'अमेरिका'. गिरणगावात कोकणातून आलेल्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांवर रंगाने नाव-गाव लिहिलेलं असायचं. माझ्या वडिलांच्या ट्रंकेवर होतं.

पहिली बोट १८२५ सालची. 'रेस्टोराशियोन' नावाचं छोटं गलबत ४ जुलैला स्टावांगेरहून निघालं, बावन्न माणसं घेऊन. ९ ऑक्टोबरला न्यू यॉर्कला लागलं तेव्हा त्रेपन्न होती, वाटेत एक मुलगी जन्मली. एवढ्याशा बोटीत कायद्यापेक्षा जास्त माणसं आणली म्हणून मोठा दंड झाला. शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी तो माफ केला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त लोक नॉर्वे सोडून गेले. देश लहान. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर युरोपात यांच्यापुढे एकटं आयर्लंड. त्यांच्या शिदोरीत सुका कॉड असायचाच, कारण तो वर्षानुवर्षं टिकतो. इथल्या कुरणात मासळी कुठली? मग तो मायदेशाहून पिंपांतून, गठ्ठ्यांतून येत राहिला.

डेकोराला शिकलेली खरी गोष्ट मात्र माशाबद्दलची नाही. इथून 'डेकोरा-पोस्टेन' नावाचं नॉर्वेजियन वृत्तपत्र निघायचं. १८७४ ते १९७२, जवळजवळ शंभर वर्षं. आणि मधल्या काळात, १९१८ च्या मे महिन्यात, पहिलं महायुद्ध चालू असताना, आयोवाच्या गव्हर्नरने हुकूम काढला की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर आणि प्रार्थनेतसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. रोख होता जर्मनांवर, पण फटका सगळ्यांनाच बसला. ज्या आजीला इंग्रजी येत नव्हतं तिने चर्चमध्ये बसून काय ऐकायचं? हुकूम काही महिन्यांतच मागे घेतला गेला, पण धाक राहिला. पुढच्या वीसेक वर्षांत एकेका चर्चने नॉर्वेजियन प्रार्थना बंद केल्या. मुलं बोलेनाशी झाली, नातवंडांना कळेनाशी झाली. जेवणाच्या टेबलावर मात्र कुठल्या गव्हर्नरचा हुकूम चालत नाही. 'ताक' म्हणजे धन्यवाद, 'उफ दा' म्हणजे अरे देवा, आणि पदार्थांची नावं, एवढीच भाषा बऱ्याच घरांत उरली आहे.

भाचीचा मुलगा चार वर्षांचा. त्याला मराठीत 'वरण-भात', 'पोळी', 'तूप', 'नको' येतं. बाकी इंग्रजी. आम्ही दोघी त्या रंगीत पेट्यांसमोर यावर काही बोललो नाही.

शनिवार, विस्कॉन्सिनचं एक चर्च

हा मुख्य दिवस. सकाळी स्प्रिंग ग्रोव्हवरून आलो. १८५२ पासूनची वस्ती, मिनेसोटातली पहिली नॉर्वेजियन वसाहत. ला क्रॉसला मिसिसिपी ओलांडली आणि विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत शिरलो. कून व्हॅली, वेस्टबी असा भाग. उतारांवर शेतं आडव्या वळणदार पट्ट्यांत नांगरलेली. पाणी अडवा, माती अडवा, हे आपण शिवारात ऐकतो. अमेरिकेत पाणलोटाचं असं पहिलं काम १९३३ साली इथल्याच कून क्रीकच्या खोऱ्यात झालं. फटींच्या भिंतींची जुनी लाकडी कोठारं दिसली. मी विचारलं, यात काय ठेवत? तंबाखू. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे तंबाखू लावला आणि त्याच्यावर कर्जं फेडली. सांगली-कोल्हापूरकडच्या कुणाला हे ओळखीचं वाटेल.

जेवण होतं एका टेकडीवरच्या ल्यूथरन चर्चमध्ये. नाव सांगत नाही, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर या भागात अशी जेवणं कितीतरी चर्चमध्ये होतात आणि सगळी थोड्याफार फरकाने सारखीच. बाहेर मैदानात गाड्यांची रांग. दारात पैसे घेऊन हातात नंबर देतात. आमचा नंबर तीनशेच्या पुढचा. मग जिथे प्रार्थना होते त्या मोठ्या दालनात बाकांवर बसायचं. पुढे एक आजोबा अॅकॉर्डियन वाजवत होते. वीस-वीस नंबर पुकारले की तेवढे लोक उठून तळघरातल्या जेवणघरात उतरतात.

मला कळायला दोन मिनिटं लागली, मग मी भाचीचा हात धरला. "अगं, ही पंगत आहे!"

आणि खरोखरच होती. लांब टेबलं, त्यांवर कागदाची आवरणं. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी नाही. वाढपी गावातलीच, दहावी-बारावीतली मुलं-मुली, वाडगे घेऊन धावणारी. एक बाई टेबलाटेबलाशी जाऊन "अजून घ्या, घ्या की" करत होत्या. त्यांची भाषा वेगळी होती, पण आग्रहाचा सूर नेमका आमच्या काकूचा. सुरुवातीला मंडळींनी एक छोटी नॉर्वेजियन प्रार्थना म्हटली, येशूचं नाव घेऊन पानावर बसतो अशा अर्थाची. आमच्या टेबलावरच्या एकालाही त्यातल्या शब्दांची फोड करून सांगता येईना, पण पाठ सगळ्यांना होती. आपल्याकडेही कितीजण जेवणाआधीच्या श्लोकाचा अर्थ सांगू शकतील?

स्वयंपाकघरात डोकावले. तिथे सगळे पुरुष. सत्तरीचे, पंचाहत्तरीचे, रबरी एप्रन लावलेले. मोठ्या पातेल्यांत पाणी उकळतंय, मासा मलमलीसारख्या कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून त्यात सोडायचा. चार-पाच मिनिटांचा खेळ आहे. जरा वेळ जास्त झाला की मासा विरघळून कापडात नुसता चिकट रस उरतो, कमी झाला तर मध्ये रबर लागतं. एकजण घड्याळ हातात धरूनच उभे होते. गंमत म्हणजे ज्या राज्यात आम्ही उभे होतो, त्या विस्कॉन्सिनच्या कायद्यात कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या विषारी पदार्थांची व्याख्या केली आहे आणि त्यातून लुटेफिस्क नाव घेऊन वगळला आहे. मला वाटलं, हाही टी-शर्टावरचाच विनोद. पण ते खरंच कलमात आहे.

बाजूच्या खोलीत बायका लेफ्से लाटत होत्या. उकडलेला बटाटा, लोणी, साय, थोडा मैदा. गोल पाटावर कापड ताणलेलं, लाटण्याला खाचा. इतकी पातळ की पाटावरचं कापड आरपार दिसावं. मोठ्या गोल विजेच्या तव्यावर तेलाशिवाय भाजायची आणि उलथन्याऐवजी एका लांब चपट्या काठीने मधोमध उचलून उलटायची. मी पाच मिनिटं नुसती त्या काठीकडे बघत होते. पुरणपोळी उलटताना माझी आई असं काहीतरी मागत असायची. एका आजींनी लाटणं पुढे केलं. मी दोन लाटल्या. पहिली फाटली. दुसरीवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हिला आधीपासून येतं."

मग पानावर बसलो. उकडलेले बटाटे, कोबीची कोशिंबिरीसारखी सॅलड, हिरवे मटार, क्रॅनबेरी, मांसाचे गोळे, लेफ्सेच्या घड्या, आणि मध्ये वाफाळता लुटेफिस्क. लोणी वितळवून किटलीत भरलेलं. मासा न खाणाऱ्यांसाठी गोळे असतात. हळूहळू गोळेवाल्यांची संख्या वाढतेय, अशी जुन्या माणसांची कुरकुर. जावयांचं पान बटाटा, मटार आणि लेफ्सेवर झकास भरलं होतं. लेफ्सेवर लोणी आणि साखर पसरून त्यांनी सहा संपवल्या, मी मोजल्या. चमचे स्टीलचे. लुटेफिस्कला चांदी लावत नाहीत, काळी पडते.

चव? खरं सांगायचं तर चव नाहीच. वासाबद्दल इतकं ऐकून गेले होते की मी नाक तयार ठेवून बसले होते. आला तो मंद ओलसर वास, बंदरावर पहाटे भरती ओसरल्यावर येतो तसा, आणि मागे पुसट साबणाची आठवण. आमच्या सुकटाच्या वासापुढे हा वास म्हणजे अगदी सज्जन माणूस. जिभेवर थरथरतो, पाकळ्या सुटतात, आणि लोण्याबरोबर कधी खाली उतरला ते कळत नाही. मीठ आणि लोणी नसेल तर तोंडात काय आहे, याचा पत्ता लागणार नाही. तिखट मागायचा मोह झाला, पण पाहुणी होते.

शेजारी बसलेल्या आजोबांनी पद्धत दाखवली. तळहातावर लेफ्से, त्यावर कुस्करलेला बटाटा, त्यावर मासा, वरून लोणी, आणि गुंडाळी. हात माखले तर माखू द्यायचे. "तुमच्याकडे असलं काही असतं का?" त्यांनी विचारलं. मी बोंबलाबद्दल सांगितलं. किती दिवस भिजवता? भिजवत नाही, भाजतो. क्षार? नाही. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीचं सांगितलं. वाण्याच्या दुकानाबाहेर फुटपाथवर सुका कॉड सरपणासारखा उभा करून ठेवलेला असायचा, "आणि गावातली सगळी कुत्री त्याच्यावर सही करून जायची. आजी म्हणायची, दोन आठवडे धुणारच आहोत." टेबल हसलं. ही गोष्ट आधी शंभर वेळा सांगून झालेली असणार, पण हसले सगळे.

ते एकदा नॉर्वेला जाऊन आले होते, मूळ गावी. चुलत-चुलत नातेवाईक शोधून काढले. "मला वाटलं, आता खरा लुटेफिस्क खायला मिळणार. त्यांनी फ्रीझरमधला पिझ्झा गरम केला." तिथेही हिवाळ्यात हा मासा खातात, पण हॉटेलांत, बेकनची चरबी आणि मटारच्या लगद्याबरोबर. त्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. बेकन! जणू त्यांच्या आजीचा अपमान झाला होता.

निघताना एप्रनवाल्यांपैकी एकाने सांगितलं की हजारभर माणसं जेवतात, आणि पुढच्या वर्षी पातेली कोण उचलणार ते माहीत नाही. दोघांचे गुडघे बदलून झालेत. वाढपी पोरं आहेत की, मी म्हटलं. "ती वाढतात," ते म्हणाले. "खात नाहीत."

रविवार, परत मिनिआपोलिस

रात्री मिसिसिपीच्या काठाने परत आलो. मी झोपलेच होते.

सकाळी मिंडेकिर्केनला गेलो. १९२२ साली सुरू झालेलं हे चर्च, आणि अजून इथे दर रविवारी नॉर्वेजियन भाषेत प्रार्थना होते. डेकोराचा हुकूम डोक्यात होता, म्हणून इथे मागच्या बाकावर बसून न कळणारी भाषा तासभर ऐकायला बरं वाटलं. शब्द नाही, पण चढ-उतार कानाला छान वाटत होते. नंतर कॉफी. एका बाईंनी मला विचारलं, तुम्हाला किती कळलं? मी म्हटलं, तुम्हाला? त्या हसल्या आणि बोटांनी चिमटीएवढं दाखवलं.

दुपारी बुधवारचं पाकीट काढलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, आगळ, भाचीकडच्या डब्यातली तळाशी राहिलेली चार तिरफळं. छान लालभडक कालवण उकळलं आणि मी त्यात लुटेफिस्क सोडला. रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने असं करायला नको होतं. ज्या माशाला गरम पाण्यात पाच मिनिटांच्या वर सोसत नाही, तो माझ्या खळखळत्या रशात किती टिकणार? हलवून पाहिलं तर मासा गायब. कालवण मात्र जरा दाट झालं होतं.

भाची माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फ्रीझर उघडला, काळी पिशवी काढली, मग झिपवाली, मग गाठ सोडली. सहा बोंबील. तवा तापत ठेवला. बाहेर उणे आठ.

"खिडकी उघडू का?" जावयांनी विचारलं.

"राहू दे," भाची म्हणाली. "थंडी आत येईल."